एक ते पाच

वागळे इस्टेट, रस्ता क्रमांक सोळा.
प्रेशर गेज बनवणारा कारखाना, माणसं एकशे बेचाळीस,
माझ्या पिशवीत एकशे बेचाळीस प्रश्नावल्या,
शिवाय चुकल्या-माकल्यासाठी दहा जास्त.

कॅन्टीनच्या कोपऱ्यात मला टेबल दिलं होतं,
त्यावर कितीही पुसला तरी न निघणारा सांबाराचा गोल.
एकेक जण हात पुसत यायचा,
अर्ध्या खुर्चीवर टेकायचा.
मी सांगायचे, नाव लिहायचं नाही, कुणाला कळणार नाही.
ते हसायचे.
अक्षरावरून कळतंच की, मॅडम.

कामावर तुमच्या मताला किंमत आहे, असं वाटतं का?
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे.
बहुतेकांनी तीन दिले.
तीन हा फार सभ्य आकडा.
त्याने कुणाची नोकरी जात नाही,
कुणाला बढतीही मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी वैजयंता सोनकांबळे आली.
कॅलिब्रेशन, तेवीस वर्षं.
चष्मा कपाळावर, बोटांना तेलाचा वास.
प्रश्न अकरा वाचला आणि पेन खाली ठेवलं.

किंमत म्हणजे कसंय,
मी नवीन होते, मिस्किटा साहेब फोरमन होते तेव्हा.
ओरडायचे खूप. शिव्याही द्यायचे, पण मशीनला.
एकदा माझ्यामागे येऊन उभे राहिले.
मला वाटलं, झालं, गेली नोकरी.
तर विचारतात, दर वेळी हात एवढा वर का नेतेस?
म्हटलं, रॅक वर आहे म्हणून.
किती खाली पाहिजे?
मी चार बोटं धरली, अशी आडवी.
संध्याकाळी वेल्डर आला,
माझ्याच बोटांचं माप घेऊन गेला.
सकाळी रॅक खाली.
साहेबांना जाऊन अकरा वर्षं झाली.
माझा खांदा अजून दुखत नाही.
आता ह्याचे किती लिहू?

मग स्वतःच पुढे,
नंतर ते महिन्याचा उत्तम कर्मचारी चालू झालं.
जूनमध्ये माझा फोटो लागला होता, हार घालून.
हार कशाला घातला म्हणून घरी पोरगा भांडला.
जुलैत फोटो काढला, खिळा राहिला.
त्याला आता सुपरवायझर टोपी अडकवतो.
असू दे. खिळा उपयोगी पडला.

मला एम.ए.ला शिकवलं होतं,
पगार, पंखा, पाणी मिळालं की माणूस कुरकुरायचा थांबतो,
पण मन लागायला वेगळं काही लागतं.
त्या वेगळ्याचे पाच मुद्दे मी पाठ केले होते,
दहा गुणांना.
चार बोटं त्यात नव्हती.

तिने शेवटी खूण केली ती
तीन आणि चारच्या मधल्या कोऱ्या जागेत.
मी म्हटलं, असं चालत नाही, चौकोनातच करा.
म्हणाली, आमच्याकडे काटा दोन रेघांमध्ये थांबला
तर आम्ही मधलंच लिहितो.
जवळचं लिहिलं की बॉयलर फुटतो कुणाचातरी.

संगणकाने तिची नोंद घेतली नाही.
अवैध उत्तर, लाल चौकोन.
शुक्रवारी अहवाल दिला,
सरासरी तीन पूर्णांक दोन, रंगीत आलेख,
शिफारशी: संवाद वाढवावा, कौतुकाची संस्कृती रुजवावी.
मानधन वेळेवर आलं.

सोमवारी नौपाड्यातल्या माझ्या ऑफिसात
हेमांगी फायली काढायला स्टुलावर चढली.
चार वर्षं चढतेय.
स्टूल एका पायाने लंगडं, खाली दुमडलेला पुठ्ठा,
तो कधी आणि कुणी घातला, मला माहीत नाही.
मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले.
प्रश्न तोंडात तयार होता, साधा, चार शब्दांचा.

ती दचकून खाली उतरली,
ओढणी सारखी केली,
म्हणाली,
मॅडम, काही चुकलं का माझं?